हेल्मेट हँडलला अडकवून दूध घालणाऱ्या पोराला

पत्र आधी देतो, थोडं कापून.

"काका नमस्कार. मी उचगाव बाजूच्या गावातला, वय २६. पहाटे साडेचारला दोन कॅन गाडीला लावून बेळगावात रतीब घालायला येतो, टिळकवाडी आणि शहापूर मिळून ४२ घरं. घरी जाऊन जेवून झोपतो आणि संध्याकाळी सहा ते अकरा खाण्याच्या ॲपची डिलिव्हरी करतो. म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास गाडीवरच. हेल्मेट आहे माझ्याकडे, नाही असं नाही, पण ते हँडलला असतंय. पोलीस असतात ते चन्नम्मा सर्कल आलं की डोक्यावर, सर्कल गेलं की परत हँडलला. कारणं सांगतो. एक, दर दोन मिनिटाला उतरायचं, काढ-घाल करून वैताग येतो. दोन, मान दुखते. तीन, घामानं वास मारतंय. चार, फोन ऐकू येत नाही, कस्टमर चिडतो, रेटिंग जातं. पाच, आणि खरं कारण हेच, केस गळायलेत. पुढच्या महिन्यात मुलगी बघायला जायचंय आणि कपाळ मागं मागं सरकायलंय. गावातली पोरं म्हणतात हेल्मेटमुळंच. आई म्हणते घाल. बाबा म्हणतात मी चाळीस वर्षं सायकलवर आणि एम-एटीवर दूध घातलं, मला काय झालं? खरं सांगा काका, गल्लीबोळातनं वीसच्या स्पीडनं जाणाऱ्याला हेल्मेट कशाला पाहिजे?"

अरे पोरा, पाच कारणं दिलीस आणि पाचव्याला स्वतःच कबूल झालास की खरं हेच, त्यामुळं आधी हसलो. मग केसांपासूनच सुरू करूया, नाहीतर तू बाकीचं वाचायचाच नाहीस.

कपाळ मागं सरकतंय म्हणालास ना, दोन्ही बाजूनं कोपरे पडून? तसं असेल तर ते हेल्मेटचं काम नव्हे, ते घराण्यातनं आलेलं असतं, बाबांचा नाहीतर आईकडच्या मामांचा जुना फोटो काढून बघ. हेल्मेटनं तसं टक्कल पडत नाही. हेल्मेटनं काय होतं तर घाम साचतो, कोंडा होतो, खाज सुटते, आणि हेल्मेट ढिलं असेल नाहीतर ओढून-ताणून काढत असशील तर केस घासून तुटतात. ह्याच्यावर उपाय अगदी साधा, आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घालायचा, गाठ मागं नको बाजूलाही नको, नुसता पसरून. पहाटेला एक, संध्याकाळी दुसरा, रोज धुतलेला. ओल्या केसावर आणि तेल चोपडलेल्या केसावर हेल्मेट चढवू नको. आणि खरंच जास्त गळत असतील तर कातडीच्या डॉक्टरला दाखव, पोरांच्या कट्ट्यावर दाखवू नको. (बाबांची गांधी टोपी आत घालून बघायचा विचार मनात आला असेल तर सोड, तिच्या घडीमुळं हेल्मेट वर उचललं जातं. मी करून बघितलंय.)

आता तुझा शेवटचा प्रश्न, वीसच्या स्पीडचा. हा मला आवडला कारण हा प्रश्न गाडी चालवून पोट भरणारा माणूसच विचारतो, शंभरनं पळवणारी पोरं कधी विचारत नाहीत. हिशोब कर. गाडीवर बसलास की तुझं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. दीड मीटरवरनं काहीही सोड, नारळ सोड नाहीतर डोकं, खाली टेकताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. म्हणजे गाडी स्टँडवरनं काढताना एका बाजूचा कॅन भरलेला आणि एका बाजूचा रिकामा म्हणून तू नुसता कलंडलास, गाडी पुढं एक फूटही गेली नाही, तरी शहाबादी फरशीवर डोकं विसानं आपटणार. गाडीचा स्पीड हा वरचा हप्ता झाला, मूळ रक्कम ती दीड मीटरचीच. आणि तुझी गाडी रिकामी कधी असते सांग, वीस-वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे चाळीस किलो दोन्ही बाजूला लोंबकळतंय, आत दूध हिंदकळतंय, हिंडलग्याच्या पुढं एखाद्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं की मागचं वजन कुठल्या बाजूला जाईल ते तुझ्याही हातात नसतं.

कवटीचं काय होतं ते पण सांगतो कारण लोकांना वाटतं हेल्मेट म्हणजे कवटी फुटू नये म्हणून लोखंडी टोप. तसं नव्हे. डोकं आपटल्यावर कवटी जागच्या जागी थांबते पण आतला मेंदू थांबत नाही, तो पुढं जाऊन आतनं आपटतो, सगळं नुकसान तिथं. हेल्मेटच्या वरच्या कडक कवचाच्या आत जो जाड थर्माकोल असतो ना, खरं काम त्याचं. तो चेपतो, आणि चेपायला जो पळभर जास्त लागतो तेवढ्यात डोक्याचा वेग मरतो. आपण अंडी भुश्यात घालून नेतो ते काय भुसा कडक असतो म्हणून? म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरनं कितीही चकाचक दिसलं तरी टाकून द्यायचं, आतला थर्माकोल एकदाच चेपतो, परत फुगत नाही.

आता माझं सांगतो. मी तीसेक वर्षं वेंगुर्ला रोडच्या गावांना पेपर टाकायचो, पुढं कुरियरही केलं. ९० च्या दशकातली गोष्ट, श्रावणातली पहाट, बेळगावचा तो न थांबणारा पाऊस, मागं पेपरचे गठ्ठे प्लास्टिकात बांधलेले. हेल्मेट होतं माझ्या डोक्यावर, ऐक, होतं! पण पट्टा लावलेला नव्हता, कारण तुझंच कारण, सारखं काढायचं असतंय. पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही, चूक माझीच, अंधारात चाळीसनं चाललो होतो. गाडी एकीकडं, मी एकीकडं आणि हेल्मेट तिसरीकडं, गटारात. पाठीमागनं येणाऱ्या भाजीच्या टेम्पोवाल्यानं उचललं मला. कानाच्या वर नऊ टाके पडले, आठ दिवसांनी घरी आलो, पंधरा दिवसांनी परत पेपर टाकायला लागलो, लोक म्हणाले वाचलास.

एक महिन्यानं बायको म्हणाली दूध नासलंय तुम्हाला कळलं नाही? मी अख्खा कप चहा पिऊन बसलो होतो. तेव्हा लक्षात आलं की मला वासच येत नाही. डॉक्टर म्हणाले नाकातनं वर मेंदूकडं वासाचे बारीक तंतू जातात, कवटीच्या चाळणीसारख्या हाडातनं, मेंदू आत हलला की ते तुटतात, कधी परत जुळतात कधी नाही. माझे नाही जुळले. आज इतकी वर्षं झाली, फोडणीचा वास नाही, पहिल्या पावसाचा नाही, गॅस लीक झाला तर कळत नाही म्हणून घरात मी एकटा असलो की बायको सिलिंडर बंद करून जाते. नातू झाला तेव्हा सगळे म्हणत होते तान्ह्या बाळाच्या टाळूला कसा वास येतो, मी नुसता मान हलवत बसलो होतो.

तर तू पत्रात लिहिलंस ना, हेल्मेटला वास मारतंय म्हणून. खरं सांगू, हेवा वाटला तुझा.

आणि तू तर दूधवाला. चरवीचं झाकण काढल्या काढल्या तुला वासावरनं कळतं की हे सकाळचं आहे का रात्रीचं, म्हशीनं काय खाल्लंय, कॅन नीट विसळलाय का नाही. तुझ्या ४२ घरांचा विश्वास तुझ्या नाकावर उभा आहे. लोक हेल्मेटचं बोलताना नेहमी मरणाचंच बोलतात, मेला की वाचला, पण त्याच्या मधे केवढं मोठं गाव आहे ते कुणी सांगत नाही. कुणाचा वास जातो, कुणाला नावं आठवत नाहीत, कुणी चांगला शांत माणूस उठसूट बायकोवर ओरडायला लागतो आणि घरच्यांना कळतच नाही की हे त्या पडण्यामुळं. डिलिव्हरी करणाऱ्याला पत्ते लक्षात राहणं म्हणजे पोटाचा प्रश्न. मरणाचे आकडेही आहेत, ते पण ऐकून ठेव, २०२२ मध्ये आपल्या देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं टू-व्हीलर अपघातात गेली, त्यातले ३५,६९२ चालवणारे आणि बाकीचे मागं बसलेले. जगभरातले ६१ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा की हेल्मेटनं मरणाची शक्यता साधारण ४२ टक्क्यानं आणि डोक्याला मार लागायची ६९ टक्क्यानं कमी होते. मला त्यातला दुसरा आकडा मोठा वाटतो, पहिल्यापेक्षा.

एक गंमत सांगतो, हेल्मेटचा नीट अभ्यास झाला तो तुझ्यासारख्या डिलिव्हरीवाल्यांवरनं. टी. ई. लॉरेन्स म्हणून ब्रिटिश अधिकारी, पहिल्या महायुद्धात अरबस्तानात नाव कमावलेला, तो १९३५ मध्ये मोटरसायकलवरनं जाताना समोर दोन सायकलवाली पोरं आली म्हणून त्यांना चुकवायला गेला आणि पडला, सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता, त्याच्या डोक्यातनं ते जाईना. पुढं दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा फौजेत डिस्पॅच रायडर असायचे, म्हणजे इकडचा कागद तिकडं पोचवणारी पोरं, लाईट बंद ठेवून रात्रीची गाडी मारायची, आणि शत्रूची गोळी लागायच्या आधीच रस्त्यावर डोकं फुटून मरायची. केर्न्सनं त्यांचा अभ्यास करून १९४१ मध्ये छापला आणि त्याच वर्षाच्या शेवटाला ब्रिटिश फौजेनं ड्युटीवरच्या मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. म्हणजे बघ, वेळेत पार्सल पोचवायची घाई, अंधार, खराब रस्ता, वरून साहेबाचा दट्ट्या. फक्त तेव्हा ॲप नव्हतं.

पोलिसाचं आता. चन्नम्मा सर्कलला डोक्यावर आणि पुढं हँडलला, हे काय तू एकटा करत नाहीस, रोज बघतो मी, सिग्नलच्या पन्नास मीटर आधी सगळ्यांचे हात एकदम वर, कवायत असल्यागत. आणि तरी कधीतरी पोलिसाचं कन्नडातलं "हेल्मेट एल्लिदे?", म्हणजे हेल्मेट कुठंय, ऐकायला लागतंच, मग आपण खिशात पाचशे शोधतो. २०१९ मध्ये केंद्रानं दंड १,००० केला होता, कर्नाटकानं त्याच वर्षी उतरवून ५०० वर आणला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत जुन्या दंडावर ५० टक्के सूट दिली तेव्हा आपल्या लोकांनी साडीचा सेल असल्यागत लाईन लावली. पण तू पाचशेकडं बघू नको. त्याच कलमात, १९४ डी म्हणतात त्याला, तीन महिने लायसन्स अपात्र करायचं पण लिहिलंय. नोकरीवाल्याचं लायसन्स गेलं तर तो बसनं जाईल. तू काय करणार, कॅन बसमधे घेऊन चढणार?

आणि आपल्या सीमाभागातला एक जुना गैरसमज, तुझ्या गावातनं पण ऐकला असशील, शिनोळी फाट्याच्या पलीकडं गेलं की महाराष्ट्र, तिकडं कोण विचारत नाही. अरे बाबा, कायदा दिल्लीचा आहे, १९८८ चा, कलम १२९, तो चंदगड तालुक्यालाही लागू आणि बेळगावलाही. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, दोन्ही सरकारांचं कशावर म्हणून एकमत नाही, पण हेल्मेट पाहिजे ह्याच्यावर आहे. मागं बसणाऱ्यालाही कर्नाटकात २०१६ च्या जानेवारीपासून सक्ती आहे. हे तुला आत्ता का सांगतोय ते मुलगी पसंत पडली की कळेल.

बरं. आता कामाचं बोलू. तुझी एक ते चार कारणं मी खोटी मानत नाही. ती खरी आहेत, पण मला वाटतं तुझं भांडण हेल्मेटशी नाहीच, चुकीच्या हेल्मेटशी आहे. कुठनं घेतलंस, रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्यातलं अडीचशेचं ना? नाहीतर गाडीबरोबर शोरूमनं दिलेलं, कुणाच्या डोक्याचं माप न घेता?

माप घे आधी. भुवयांच्या बोटभर वरनं आणि मागं डोकं जिथं सगळ्यात जास्त फुगतं तिथनं टेप फिरव, टेप नसेल तर सुतळी फिरव आणि ती सुतळी खिशात घालून दुकानात जा. ५८ सेंटीमीटर आलं तर साधारण मीडियम, ६० आलं तर लार्ज, पण कंपनीगणिक फरक पडतो म्हणून घालूनच बघायचं. नवीन हेल्मेट घट्टच वाटलं पाहिजे, गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना गाल दाताखाली आल्यागत वाटलं तरी चालेल, महिन्याभरात आतला स्पंज बसतो. कपाळाला एका जागी टोचत असेल तर मात्र ते आपलं नव्हे. मग पट्टा लाव आणि मागच्या कडेला हात घालून हेल्मेट पुढं लोटून काढायचा प्रयत्न कर. निघालं तर ठेव परत, पडल्यावरही असंच निघणार. माझं निघालं होतं.

आयएसआयचा शिक्का बघ, नुसता शिक्का नको, त्याच्याखाली सीएम/एल लिहून लायसन्सचा नंबर असतो तो बघ आणि बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे त्यात टाकून तपास, दोन मिनिटाचं काम. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदा आहे, तरी हायवेच्या कडेला काय टांगलंय ते आपण सगळे बघतोय. अर्ध्या टोपीसारखं कानाच्या वरचं घेऊ नको, ते बांधकामावर घालायचं. चांगलं हेल्मेट हजाराच्या आत-बाहेर मिळतं. तुझ्या रतीबाचे किती लिटर झाले ते? कॅनचं झाकण गळायला लागलं तर त्याच दिवशी रबर बदलतोस, आणि डोक्याच्या बाबतीत मात्र घासाघीस.

मान दुखायचं. नवीन घेताना हातात धरून वजन बघ, थोडं हलकं मिळेल. पण तुझ्या मानेचा खरा चोर मला वेगळा वाटतो. संध्याकाळी ती चौकोनी डिलिव्हरी बॅग खांद्याला असते ना? ती मागं ओढते, मग तू मान पुढं काढून बसतोस, त्यात काच वर करून पळवलीस की वारा काचेत भरून हेल्मेट मागं खेचतो. बॅग मागच्या सीटवर टेकेल एवढी पट्टी सैल कर, किंवा कॅरियरला बांध. आणि वेगात काच खाली. आठ दिवस करून बघ, मग मला सांग.

काढ-घाल. ह्यावर मी जास्त विचार केला, कारण ह्याच्यामुळंच मी पट्टा लावत नव्हतो. पहिलं म्हणजे काढतोस कशाला? दूध घालायला डोकं मोकळं लागत नाही, हात लागतात. काच वर कर आणि घाल दूध. पहिले चार दिवस एखादी आजी म्हणेल अंतराळातनं आलास काय रे, पाचव्या दिवशी ती पण विसरेल. बँकेत, दवाखान्यात, अपार्टमेंटच्या गेटला वॉचमन म्हणाला तर काढ. दुसरं, प्रत्येक दाराला गाडी नेऊ नको. टिळकवाडीतल्या एका गल्लीत सहा घरं असतील तर कोपऱ्याला गाडी लाव आणि लहान किटली घेऊन चालत फिर, ४२ घरांचे पंधरा-सोळा थांबे होतील, पेट्रोल वाचेल, क्लच वाचेल, गुडघे पण. मी पेपर असाच टाकायचो शेवटी शेवटी, आणि उलट लवकर संपायचं. तिसरं, पट्ट्याची कडी. डबल डी-रिंगची, म्हणजे दोन कड्यांतनं पट्टा ओवायची, कडी पक्की पण वेळखाऊ, तुझ्यासारख्याला दातेरी पट्टीची, टक् करून बसणारी घे, एका हातानं लागते, हातमोजा घालून पण लागते. पट्टा आणि गळा ह्यात दोन बोटं जातील एवढीच जागा. हा पट्टा तू लावणार नसशील तर माझं एवढं सगळं लिहिणं वाया गेलं, मग केस तरी कशाला दाबतोस, हँडललाच राहू दे.

हँडलवरनं आठवलं. आरशाच्या दांडीवर हेल्मेट खोचून ठेवतोस का? सगळेच ठेवतात. ती दांडी आतल्या थर्माकोलमध्ये रुतून खड्डा पाडते, वर सांगितलं ना तो एकदाच चेपतो, तर तू त्याला रोज थोडा थोडा स्वतःच चेपवायलास. पेट्रोलच्या टाकीवर पण ठेवू नको, पेट्रोल आणि थिनर थर्माकोलला खातात. आत बारीक तारेचं कुलूप लावून सीटखालच्या हुकाला अडकव, चोरीला पण जाणार नाही. (माझी दोन गेलीत, एक तर देवळाच्या बाहेरनं. घेणाऱ्यानं निदान वापरलं असेल अशी समजूत घालून घेतली.)

वासाला काय करायचं, आतलं अस्तर निघणारं हेल्मेट घे, आठवड्याला एकदा शाम्पूच्या पाण्यात बुडवून हलक्या हातानं पिळ आणि सावलीत वाळव. पावसाळ्यात बेळगावात काही वाळत नाही ते मला माहीत आहे, तेव्हा चुलीच्या जवळ ठेवायचा मोह होईल, ठेवू नको, फॅनखाली ठेव. काच ओरखडली की बदल, दोन-तीनशेत येते, पहाटेच्या अंधारात समोरच्या ट्रकचा लाईट ओरखड्यांवर पडला की पूर्ण काच पांढरी होते, दिसेनासं होतं. काळी काच तर पहाटे आणि रात्री नकोच, मुलगी बघायला जायच्या दिवशी दुपारी लाव हवी तर.

फोन. रिंग ऐकू येत नाही म्हणतोस, अर्धं खरं अर्धं वारा. हॉर्न ऐकू येतोच, उलट काच खाली असली की वाऱ्याचा गोंगाट कमी होतो. पण तू फोन हेल्मेटच्या आत गालाला खोचून बोलत जातोस का? लिहिलं नाहीस पण मला शंका आहे. तसं केलंस की गालाजवळची पकड गेली आणि लक्ष पण गेलं. निघायच्या आधी कस्टमरला मेसेज टाक, पाच मिनिटांत पोचतो, तयार करूनच ठेव म्हणजे एकदाच दाबायचं. त्यातनं फोन आलाच तर डाव्या बाजूला थांबून घे. कधीतरी एखादा तारा कमी पडेल, पडू दे.

बाबांना काय सांगायचं. वाद घालू नको त्यांच्याशी, त्यांनी चाळीस वर्षं तुझं घर चालवलंय. फक्त त्यांच्याबरोबर दूध घालणारे आणखी कोण कोण होते ते विचार एकदा, निवांत, जेवल्यावर. एकेकाची नावं निघतील. ज्यांना काही झालं ते पारावर बसून "मला काय झालं" म्हणायला उरत नाहीत ना. आणि त्यांच्या काळी वेंगुर्ला रोडला पहाटे कोण होतं, चार बैलगाड्या नि एखादी एस.टी. आज शिनोळीच्या कारखान्यांचे ट्रक आहेत, गोव्याला जाणारे आहेत, आणि तुझ्यासारखी रात्री अकरापर्यंत डिलिव्हरी करून पहाटे साडेचारला परत गाडीवर बसणारी अर्धवट झोपेतली पोरं आहेत. झोपेचं वेगळं लिहीन कधीतरी, पण तू पाच तास तरी सलग झोपतोस का ते मला कळव.

रस्त्यात दुसरा कुणी पडलेला दिसला तर त्याचं हेल्मेट घाईनं ओढून काढू नको, मानेला लागलेलं असू शकतं. श्वास चाललाय ना बघ, काच वर कर, १०८ ला फोन लाव. मदत करणाऱ्याला कोर्ट-कचेरीत ओढता येत नाही असं कायद्यातच आहे आता. त्या टेम्पोवाल्याच्या वेळी नव्हतं, तरी थांबला बिचारा.

मुलगी बघायला गाडीवरनंच जाणार असशील तर खिशात कंगवा ठेव, आणि हेल्मेट दारात नको, गल्लीच्या तोंडालाच गाडी लावून काढ म्हणजे केस बसवायला दोन मिनिटं मिळतील. पोहे खाताना हेल्मेट पायाशी ठेवलेलं तिला दिसलं तर दिसू दे. आणि पोह्यांचा वास कसा होता ते मला लिही, सविस्तर.

– काका